येशूच्या देवत्वाची वचने: वाद कुठे खरा, कुठे फुकाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बायबल-अभ्यासाच्या गटात दोन तट पडले आहेत. एक बाजू योहान १:१, योहान २०:२८ आणि तीत २:१३ दाखवते आणि म्हणते, मशीहा देव आहे, विषय संपला. दुसरी बाजू योहान १४:२८, योहान १७:३ आणि कलस्सै १:१५ पुढे करते आणि म्हणते, पुत्र पित्याहून वेगळा आहे, त्याच्या खालचा आहे, उत्पन्न केलेला आहे. दोन्ही बाजूंचा दावा एकच, की आम्ही शास्त्राच्या बाहेर जात नाही. मग निवाडा कशाने करायचा?

वचने मोजून तो होणार नाही, हे आधी सांगतो. चौथ्या शतकात हा प्रयोग करून झालेला आहे. ३२५ साली नायसियाच्या परिषदेत बिशपांची पहिली इच्छा हीच होती, की शास्त्रातलेच शब्द वापरून, पुत्र उत्पन्न केलेला आहे असे शिकवणाऱ्या एरियसचे मत बाहेर ठेवावे. पुत्र 'देवापासून' आहे असे लिहू, असे ठरले. एरियसच्या बाजूच्यांना ते लगेच पटले, कारण सगळेच देवापासून आहे असे पौलच म्हणतो (१ करिंथ ८:६). पुत्र देवाचे 'सामर्थ्य' आहे असे म्हणावे, तर तेही चालले. योएल २:२५ च्या ग्रीक भाषांतरात टोळधाडीलाही देवाचे मोठे सामर्थ्य म्हटले आहे. ही हकिकत एरियसचा विरोधक अथानासियस याने लिहून ठेवली आहे. शेवटी 'होमोऊसिऑस', म्हणजे पित्याशी एकतत्त्व, हा शास्त्रात नसलेला शब्द घालावा लागला. तरीही भांडण मिटले नाही. ३५७ साली सिर्मियममध्ये तत्त्वाविषयीचे हे शब्दच वापरू नयेत असे ठरले, ३५९-३६० मध्ये 'शास्त्राप्रमाणे पित्यासारखा' एवढेच म्हणणारा मतांगिकार, म्हणजे विश्वासाचे ठरवलेले निवेदन, पुढे आला, आणि ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेपर्यंत हे हेलकावे चालू राहिले. एवढी वर्षे भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना वचने तोंडपाठ होती. प्रत्येक वचन कोणत्या नियमाने वाचायचे, यावर एकमत नव्हते.

म्हणून कामाचा क्रम ठरवून घ्यावा आणि तो मोडू नये. आधी मूळ संहिता: या ओळीत नेमके कोणते शब्द आहेत? मग व्याकरण. मग आजूबाजूचा मजकूर. मग त्यामागे असलेले जुन्या करारातले वचन. सिद्धान्त अगदी शेवटी. बहुतेक गट पहिल्या वचनाबरोबरच सिद्धान्तावर उडी मारतात आणि पुढचा सगळा वेळ एकमेकांच्या श्रद्धेवर शंका घेण्यात जातो.

संहितेपासून सुरुवात करू, कारण इथे काही वचने दोन्ही बाजूंनी निमूटपणे खाली ठेवण्यासारखी आहेत.

१ योहान ५:७ मधले 'स्वर्गात साक्ष देणारे तिघे: पिता, शब्द आणि पवित्र आत्मा' हे वाक्य जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. ते लॅटिन परंपरेतून आले. ग्रीक नवा करार छापणाऱ्या एरास्मसने १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत ते छापले नव्हते; १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत घातले, ते डब्लिनमध्ये असलेल्या एका उशिराच्या हस्तलिखिताच्या आधारावर. (एरास्मसने 'एक जरी ग्रीक हस्तलिखित दाखवलेत तर छापीन' असा शब्द दिला होता, ही गोष्ट फार सांगितली जाते. तिला भक्कम आधार नाही, ती सांगू नका.) याहून बोलका पुरावा वेगळाच आहे. एरियसविरुद्ध लढणाऱ्या चौथ्या शतकातल्या ग्रीक लेखकांना हे वाक्य ठाऊक असते, तर त्यांनी ते पहिल्याच दिवशी काढले असते. ते कुणीच काढत नाही. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, मानणाऱ्याने हे वचन वापरले, तर समोरचा माणूस तेवढेच खोडून काढतो आणि ऐकणाऱ्याला वाटते की सगळी इमारतच कोसळली.

१ तीमथ्य ३:१६ मध्ये 'देव देहात प्रकट झाला' की 'जो देहात प्रकट झाला'? इथली गफलत जवळून बघण्यासारखी आहे. जुने लेखनिक देव, प्रभू, येशू असे पवित्र शब्द पूर्ण लिहीत नसत. पहिले आणि शेवटचे अक्षर लिहून वर आडवी रेघ देत. 'थेऑस', म्हणजे देव, हा शब्द त्यामुळे थीटा आणि सिग्मा एवढाच उरतो. 'हॉस', म्हणजे 'जो', हा शब्द ओमिक्रॉन आणि सिग्मा. थीटा म्हणजे पोटात आडवी रेघ असलेला ओमिक्रॉनच. म्हणजे पोटात एक रेघ आणि डोक्यावर एक रेघ आली, की 'जो'चा 'देव' झाला. सिनायटिकस या फार जुन्या हस्तलिखितात मूळ लेखनिकाने 'जो' लिहिले होते, 'देव' ही नंतरच्या हाताची दुरुस्ती आहे. हस्तलिखिते ताडून तयार केलेल्या आजच्या चिकित्सक आवृत्त्या 'जो' हेच छापतात. मजकूर एखाद्या स्तोत्रातून घेतल्यासारखा आहे आणि कर्ता ख्रिस्तच आहे, पण 'देव' हा शब्द इथून मिळत नाही.

योहान १:१८ मात्र उलट्या दिशेने जाते. 'एकुलता एक पुत्र' की 'एकुलता एक देव'? पपायरस ६६ आणि ७५, सिनायटिकस आणि व्हॅटिकानस ही सगळी जुनी हस्तलिखिते 'देव' म्हणतात. अलेक्झांड्रिनस आणि नंतरची बहुसंख्य हस्तलिखिते 'पुत्र' म्हणतात. संक्षिप्त लेखनात इथेही एकाच अक्षराचा फरक आहे. नेस्ले-आलांड ही चिकित्सक आवृत्ती 'देव' छापते आणि मलाही तेच पटते, कारण 'एकुलता एक पुत्र' हे योहान ३:१६ मुळे लेखनिकाच्या जिभेवर असणार. अनोळखी शब्दाचा ओळखीचा शब्द होणे सोपे, उलटे होणे अवघड. पण सगळा युक्तिवाद या एका अक्षरावर टांगू नये.

संहिता फक्त एका बाजूला सरकते असे समजू नका. मत्तय २४:३६ मध्ये शेवटच्या दिवसाबद्दलचे 'पुत्रालाही ठाऊक नाही' हे शब्द काही हस्तलिखितांत गळालेले आहेत. मार्क १३:३२ मध्ये ते पक्के आहेत. कुणाला तरी ते शब्द अडचणीचे वाटले, हा त्याचा सरळ अर्थ.

आता व्याकरण. इथे अर्धवट ज्ञान सर्वांत जास्त नुकसान करते.

योहान १:१ चा तिसरा तुकडा ग्रीकमध्ये 'थेऑस एन हो लोगोस' असा आहे. 'लोगोस' म्हणजे 'शब्द', योहानाने येशूसाठी वापरलेले नाव. त्याच्या आधी 'हो' हे निश्चित उपपद (इंग्रजीतल्या 'the' सारखे) आहे, 'थेऑस'च्या आधी नाही. यावरून यहोवाच्या साक्षीदारांच्या भाषांतराने १९५० मध्ये शब्द हा 'एक देव', म्हणजे देवासारखा कुणी, असा अर्थ छापला. उपपद नाही म्हणून अर्थ अनिश्चित, हा नियम त्याच अध्यायात टिकत नाही: १:६, १:१२, १:१३ आणि १:१८ च्या सुरुवातीला 'थेऑस' उपपदाशिवायच येतो आणि तिथे सगळे जण पित्याबद्दलच वाचतात.

पण दुसऱ्या बाजूची नेहमीची चूकही तितकीच मोठी आहे. १९३३ मध्ये कॉलवेल या अभ्यासकाने दाखवले, की निश्चित अर्थाचे विधेयनाम ('अमुक हा तमुक आहे' यातला 'तमुक') क्रियापदाच्या आधी आले तर त्याचे उपपद बहुधा गळते. पुष्कळ जण हा नियम उलटा करून सांगतात: उपपद नाही आणि शब्द क्रियापदाच्या आधी आहे, म्हणजे अर्थ निश्चितच. तसे कॉलवेलने म्हटलेले नाही आणि ते खरेही नाही. योहानाच्याच शुभवर्तमानात ही रचना तीन तऱ्हांनी येते. १:४९ मध्ये 'तू इस्राएलाचा राजा आहेस': निश्चित. ४:१९ मध्ये शोमरोनी स्त्री म्हणते 'आपण संदेष्टे आहात': अनिश्चित, अनेक संदेष्ट्यांपैकी एक. १:१४ मध्ये 'शब्द देही झाला': इथे शब्दाचा स्वभाव सांगितला आहे. १९७३ मध्ये हार्नरने या रचनेचा अभ्यास करून दाखवले, की तिचा भर पुष्कळदा या तिसऱ्या, स्वभाव सांगणाऱ्या अर्थावर असतो. १:१ मध्ये तोच अर्थ सर्वांत नीट बसतो: जे देवाचे ते शब्दाचे. उपपद असते तर 'शब्द' आणि आधीच्या तुकड्यातला 'देव', ज्याच्यासह तो होता, हे एकच झाले असते, आणि मग 'देवासह होता' याला अर्थ राहिला नसता. मराठीला उपपद नाही, त्यामुळे 'शब्द देव होता' या ओळीवरून यातले काहीच कळत नाही. मराठी ओळीवर घासाघीस करण्यात वेळ घालवू नका.

तीत २:१३ ('आपला महान देव आणि तारणारा येशू ख्रिस्त') आणि २ पेत्र १:१ साठी ग्रॅनव्हिल शार्पचा १७९८ चा नियम सांगितला जातो. दोन नामे 'आणि'ने जोडलेली, उपपद फक्त पहिल्याला, दोन्ही एकवचनी, व्यक्तिवाचक आणि विशेषनाम नसलेली, तर दोन्ही एकाच व्यक्तीबद्दल. अटी सगळ्या लागू असल्या पाहिजेत. मत्तय १६:१ मध्ये परूशी आणि सदूकी एकाच उपपदाखाली येतात, म्हणून ते एक होत नाहीत. तिथे अनेकवचन आहे. हा नियम २ पेत्र या पत्रातच तपासता येतो. १:११ मध्ये 'आपला प्रभू आणि तारणारा येशू ख्रिस्त' अशी रचना आहे आणि तिथे दोन व्यक्ती कुणीच वाचत नाही. १:१ मध्ये हुबेहूब तीच रचना आहे, फक्त 'प्रभू'च्या जागी 'देव'. ११ व्या ओळीत एक व्यक्ती आणि पहिल्या ओळीत दोन व्यक्ती असे वाचायचे असेल, तर व्याकरणाबाहेरचे कारण द्यावे लागते. ते कारण देणारा लगेच पुढच्या ओळीकडे, १:२ कडे बोट दाखवतो, जिथे देव आणि प्रभू येशू वेगळे उच्चारले आहेत. शिवाय १:१ मध्ये सिनायटिकसमध्ये 'प्रभू' असा पाठ आहे. म्हणजे वचन देवत्वाच्या बाजूने झुकते, पण समोरच्याला गप्प करण्याइतके नाही. एवढेच म्हणावे.

रोम ९:५ हा विरामचिन्हांचा प्रश्न आहे. सर्वांत जुन्या हस्तलिखितांतली विरामचिन्हे तुरळक आणि बेभरवशाची, त्यामुळे 'ख्रिस्त, जो सर्वांवर देव, युगानुयुग धन्यवादित' की 'ख्रिस्त. सर्वांवर असलेला देव धन्यवादित असो' हे वाचणाऱ्याने ठरवायचे. स्वतंत्र स्तुतिवाक्यात पौल 'धन्यवादित' हा शब्द आधी ठेवतो (२ करिंथ १:३). इथे तो मागाहून येतो, म्हणून पहिले वाचन सरस. उलट बाजूचा मुद्दा असा, की पौल इतरत्र ख्रिस्ताला इतक्या उघडपणे देव म्हणत नाही. दोन्ही मुद्दे सांगून पुढे जावे. या वचनावर संध्याकाळ घालवण्यात हशील नाही.

संदर्भाकडे येऊ. योहान १०:३० 'मी आणि पिता एक आहो' हे वचन जितके वापरले जाते तितके ते वजनदार नाही. ग्रीकमधला 'एक' नपुंसकलिंगी आहे: एक व्यक्ती असा अर्थ होत नाही. १ करिंथ ३:८ मध्ये लावणारा आणि पाणी घालणारा यांनाही पौल याच शब्दाने एक म्हणतो, आणि योहान १७:२२ मध्ये शिष्यांच्या ऐक्यासाठीही तोच शब्द आहे. या उताऱ्याचा खरा जोर मागच्या दोन ओळींत आहे, जिथे 'माझ्या हातातून' आणि 'पित्याच्या हातातून' कुणी हिसकावू शकत नाही असे एकाच दमात म्हटले आहे. पुढे ३४ व्या ओळीत येशू स्तोत्र ८२:६ मधले 'तुम्ही देव आहा' काढतो. काही जण इथेच थांबतात आणि म्हणतात, बघा, तो फक्त न्यायाधीशांसारखाच देव. पण त्याचा युक्तिवाद लहानावरून मोठ्याकडे जाणारा आहे: ज्यांच्याकडे वचन आले त्यांनाही तसे म्हणता येते, तर पित्याने पवित्र करून पाठवलेल्याला का नाही? यातून बरोबरी सिद्ध होत नाही, आणि 'तेवढाच, जास्त नाही' हेही सिद्ध होत नाही.

योहान ८:५८ बद्दल एक सूचना. 'मी आहे' ही शब्दजोड ऐकली की सगळे निर्गम ३:१४ कडे धावतात. सेप्टुअजिंटमध्ये, म्हणजे जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, तिथे देवाचे नाव म्हणून उचललेला भाग 'जो आहे तो' असा आहे. 'मी आहे' ही त्याच्या आधीची साधी शब्दजोड. शिवाय योहान ९:९ मध्ये बरा झालेला आंधळाही तेच दोन ग्रीक शब्द उच्चारतो, 'मीच तो' एवढ्याच अर्थाने. म्हणून नुसत्या शब्दांवरून काही सिद्ध होत नाही. यशया ४३:१० मधल्या देवाच्या 'मीच तो' या शब्दांशी असलेला दुवा जास्त घट्ट आहे, आणि ८:५८ मध्ये वजन आहे ते काळाच्या विचित्र जोडणीत: अब्राहाम 'झाला' त्याआधी मी 'आहे'. पुढच्याच ओळीत लोक दगड उचलतात.

योहान २०:२८ मधले थोमाचे 'माझा प्रभू, माझा देव' हे नुसते आश्चर्याचे उद्गार होते, ही पळवाट जुनी आहे. मोप्सुएस्तियाचा प्राचीन बिशप थिओडोर याच्या नावावर हे वाचन होते आणि ५५३ च्या परिषदेने ते धिक्कारले. परिषदेचे राहू द्या, ओळच सांगते: थोमा 'त्याला म्हणाला'. स्तोत्र ३५:२३ च्या ग्रीक भाषांतरातही उलट क्रमाने हेच संबोधन देवाला उद्देशून आहे. पण हे वचन वापरणाऱ्याने ११ ओळी वर जाऊन २०:१७ देखील वाचायला हवे, जिथे उठलेला येशू 'माझा देव आणि तुमचा देव' म्हणतो. आणि २०:३१ मध्ये लेखक स्वतः पुस्तकाचा हेतू सांगतो: येशू हा ख्रिस्त, देवाचा पुत्र आहे असा विश्वास बसावा. जे वाचन या तिन्ही ओळींना एकत्र बसवते तेच टिकते. फक्त २८ वी ओळ वाचणारा आणि फक्त १७ वी ओळ वाचणारा, दोघेही एकाच चुकीचे धनी.

आता ज्या पुराव्याला मी सर्वांत जास्त वजन देतो तो. नव्या करारात येशूला 'देव' हा शब्द थेट लावणारी वचने मोजकी आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांवर वर सांगितल्यासारखी काही ना काही अडचण आहे. याउलट, जुन्या करारात फक्त परमेश्वराबद्दल असलेली वाक्ये उचलून येशूला लावलेली दिसतात, तिथे हस्तलिखितांची भानगड नाही आणि उपपदांचीही नाही.

फिलिप्पै २:१०-११ घ्या. प्रत्येक गुडघा टेकेल, प्रत्येक जीभ कबूल करील, हे शब्द यशया ४५:२३ चे. तो अध्याय उघडून २१ पासून वाचा: माझ्यावाचून दुसरा देव नाही, हे एकामागून एक ठासून सांगितले आहे, आणि त्याच भरात गुडघ्यांची ओळ येते. जुन्या करारात एकेश्वरवाद यापेक्षा कडकपणे क्वचितच मांडला असेल, आणि पौल नेमकी तीच जागा येशूसाठी निवडतो. त्याच वाक्याचा शेवट मात्र 'देवपित्याच्या गौरवासाठी' असा आहे. तेही गाळू नये. २:६ मधल्या 'हार्पाग्मोस' या शब्दावर फार शाई खर्च झाली आहे. देवाशी बरोबरी हिसकावून घ्यायची होती, म्हणजे ती नव्हतीच? की हातात होती, पण तिचा फायदा उठवला नाही? १९७१ मध्ये हूवरने ग्रीक वाक्प्रचार तपासून दुसऱ्या अर्थाची बाजू भक्कम केली, आणि ७ व्या ओळीतल्या 'स्वतःला रिक्त केले' याच्याशी तोच अर्थ जुळतो. जवळ नसलेली गोष्ट सोडता येत नाही.

१ करिंथ ८:६ याहून बारकाईने केलेले काम आहे. अनुवाद ६:४ मध्ये, यहुदी रोज म्हणतात त्या शमामध्ये, 'परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच' असे आहे. पौल त्यातले 'देव' पित्याला देतो, 'प्रभू' येशूला देतो आणि 'एक' दोघांनाही लावतो. हे वाचल्यावर योहान १७:३ मधल्या 'एकच खरा देव' या शब्दांचे काय करायचे, तेही कळते. पिता एकच देव म्हटल्याने पुत्र वगळला जात असेल, तर याच न्यायाने 'एकच प्रभू येशू' म्हटल्याने पिता प्रभू नाही असे म्हणावे लागेल. ते कुणीच म्हणणार नाही. नियम एकदा लावला की दोन्हीकडे लावायचा.

इब्री १:१०-१२ हे तिसरे. स्तोत्र १०२ मध्ये परमेश्वराला उद्देशून म्हटलेले 'तू प्रारंभी पृथ्वीचा पाया घातलास' हे शब्द इथे पुत्राला उद्देशून आहेत. १:८ ('हे देवा, तुझे राजासन') याचे 'देव तुझे राजासन आहे' असे वाचन व्याकरणात बसू शकते, म्हणून वाद ८ वर होतो. १० वर होत नाही, आणि तरी गटांमध्ये ८ च वाचले जाते, ही मला कायम आश्चर्याची गोष्ट वाटत आली आहे.

यशया ९:६ मधला 'एल गिब्बोर', समर्थ देव, हा मात्र जपून वापरावा. १०:२१ मध्ये तेच शब्द परमेश्वरासाठी आहेत, हा मुद्दा चांगला आहे. पण सेप्टुअजिंटमध्ये ही ओळ वेगळीच आहे, तिथे 'महान मसलतीचा दूत' असे येते, आणि नवा करार हे नाव येशूच्या देवत्वासाठी कुठेही उद्धृत करत नाही. त्याच ओळीत 'सनातन पिता'ही आहे. ते अक्षरशः घेतले तर त्रैक्याच्या मांडणीचीच पंचाईत होते.

दुसऱ्या बाजूच्या हुकमी पानांकडे वळू. कलस्सै १:१५ मधला 'सर्व उत्पत्तीत ज्येष्ठ'. ज्येष्ठ म्हणजे पहिला जन्मलेला, म्हणून उत्पत्तीचाच एक भाग, असे म्हणतात. स्तोत्र ८९:२७ मध्ये देव दाविदाला ज्येष्ठ करीन म्हणतो. दावीद तर इशायाचा सर्वांत धाकटा मुलगा. म्हणजे ज्येष्ठपण हा मान आणि वारसा असू शकतो. मग १:१६ 'कारण त्याच्यामध्ये सर्व काही उत्पन्न झाले' असे म्हणते. काही भाषांतरांनी तिथे 'इतर' हा शब्द घालून 'इतर सर्व' केले, तो ग्रीकमध्ये नाही. इथवर त्रैक्याची बाजू सरस. पण १:१८ मध्ये 'मेलेल्यांमधून ज्येष्ठ' येते, आणि तिथे येशू खरोखर मेलेल्यांपैकी एक होता, हे समोरचा दाखवील आणि त्याचे बरोबर असेल. फरक असा, की १८ मध्ये 'मधून' हे अव्यय आहे, १५ मध्ये नाही.

नीतिसूत्रे ८:२२ हे एरियसच्या बाजूचे सर्वांत आवडते वचन. ज्ञान म्हणते, परमेश्वराने मला आपल्या मार्गाच्या आरंभी 'काना' केले. या हिब्रू क्रियापदाचा अर्थ मिळवणे, जवळ असणे आणि उत्पन्न करणे, असा तिन्हीकडे जातो. सेप्टुअजिंटने 'उत्पन्न केले' लिहिले आणि ग्रीक वाचणाऱ्या मंडळींपुढे तेच होते. गंमत अशी, की ज्ञान म्हणजे ख्रिस्त हे अथानासियसलाही मान्य होते, म्हणून त्याला 'उत्पन्न केले' हे मानवी देहाबद्दल आहे असे ओढूनताणून सांगावे लागले. दोघांनीही एक प्रश्न विचारला नाही: ही कविता आहे, इथे ज्ञान स्त्रीच्या रूपात चौकात उभे राहून हाका मारते आहे, मग ही मशीहाची जन्मकथा कशी? आज हे वचन कोणत्याच बाजूने पुरावा म्हणून धरू नये असे माझे मत आहे.

मार्क १३:३२ आणि योहान १४:२८ मात्र खरोखरच जड आहेत. 'पिता माझ्यापेक्षा थोर आहे' याला जुन्या मंडळीने दोन वेगळी उत्तरे दिली. ऑगस्टीन मानवी स्वभावाकडे बोट दाखवतो. नाझियान्झसचा ग्रेगरी म्हणतो, पिता उगम म्हणून थोर, स्वभावाने नव्हे. ही दोन उत्तरे एकत्र कालवू नका. कोणते देता आहात ते सांगा. आणि 'हे माणूस म्हणून, ते देव म्हणून' ही दोन स्वभावांची वाटणी पुढे ४५१ च्या कॅल्सेडॉन परिषदेने पक्की केलेल्या चौकटीतली आहे. ती चौकट बरोबर आहे असे मानणाऱ्याला ती वापरता येते, पण तिच्याच जोरावर ती बरोबर असल्याचे सिद्ध करता येत नाही. वाद ज्या मुद्द्यावर आहे तोच गृहीत धरला, अशी तक्रार समोरचा करतो आणि ती रास्त असते.

१ करिंथ १५:२८ मध्ये पुत्र स्वतः पित्याच्या अधीन होतो. चौथ्या शतकात अन्कुराचा बिशप मार्सेलस याने यावरून पुत्राचे राज्य संपते असे मांडले, आणि ३८१ च्या मतांगिकारात 'त्याच्या राज्याचा अंत होणार नाही' हे शब्द आले ते अशा मताला उत्तर म्हणून. ते लूक १:३३ चे शब्द. अधीन होणे म्हणजे हलक्या स्वभावाचे असणे, असे नाही, हे उत्तर चालण्यासारखे आहे. पण पौल इथे क्रम सांगतो आहे आणि तो क्रम पुसून टाकणारे कोणतेही वाचन मला मान्य नाही.

माझा निष्कर्ष विचाराल, तर नवा करार येशूला एकाच देवाच्या बाजूला, त्याच्या नावात आणि त्याच्या कामात ठेवतो, आणि त्याच वेळी त्याला पित्यापासून वेगळा आणि पित्याकडून पाठवलेला म्हणतो. 'एकतत्त्व' हा शब्द त्या दोन्ही गोष्टी धरून ठेवण्यासाठी नंतर शोधलेला आहे. तो पौलाच्या तोंडी घालू नये, आणि तो नंतरचा आहे म्हणून खोटा ठरवू नये.

गटात बसताना एका बैठकीला एकच उतारा घ्या आणि त्याला दोन तास द्या. वचनाच्या वरच्या दहा आणि खालच्या दहा ओळी सगळ्यांच्या हातात छापून असाव्यात. किमान तीन भाषांतरे शेजारी ठेवा. ती जिथे वेगळी पडतात तिथेच संहितेचा किंवा व्याकरणाचा प्रश्न असतो, ग्रीक येत नसले तरी हे कळते. शब्दक्रमांक देणाऱ्या कोशावर फार विसंबू नका: उपपद, विभक्ती आणि शब्दांचा क्रम त्यात दिसत नाही, आणि वरचे अर्धे वाद नेमके त्यांच्यावरच आहेत. कागदावर तीन रकाने करा: हा उतारा काय म्हणतोच, काय म्हणू देतो, काय म्हणू देत नाही. पहिला रकाना दोन्ही बाजूंच्या संमतीशिवाय भरायचा नाही. तो बहुतेक वेळा एक-दोन ओळींचाच होतो आणि मधला रकाना पानभर.

प्रत्येक नियमाची उलट तपासणी करा. ज्याने 'उपपद नाही म्हणून अनिश्चित' म्हटले त्याला योहान १:६ वाचायला द्या. ज्याने 'एक म्हणजे एकतत्त्व' म्हटले त्याला १ करिंथ ३:८ द्या. आणि आठवड्यातून एकदा बाजू बदलून बोलायला लावा: त्रैक्य मानणाऱ्याने योहान १७:३ मांडायचे, न मानणाऱ्याने फिलिप्पै २. उताऱ्यांचा क्रम मी असा ठेवीन: पहिल्यांदा १ करिंथ ८:६, कारण तिथे संहितेचा वाद नाही आणि दोन्ही बाजूंना ते आपलेच वाटते, मग फिलिप्पै २, मग इब्री १, त्यानंतर योहान १७ आणि १ करिंथ १५. योहान १:१ ला हात लावायचा तो या पाचही बैठका झाल्यावर.